आंब्याच्या बुंध्यातून भुसा पडतोय, हा कोणता किडा?

खोडाला भोक आणि खाली लाकडाचा भुसा म्हणजे बहुतेक भिरूडच. हा बॅटोसेरा प्रजातीतला भुंगेरा. आपल्याकडे आंब्यावर येतो तो बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा: सुमारे ५ सेंमी लांब, राखाडी-तपकिरी, लांबलचक मिशा आणि मानेमागे नारिंगी रंगाचे दोन ठिपके. फणस, अंजीर, सावर यांनाही तो सोडत नाही.

खरं नुकसान अळी करते. मादी सालीला चीर पाडून आत अंडं घालते. अळी पिवळसर पांढरी, बिनपायाची, जबडा मात्र जबरदस्त. वाढली की बोटापेक्षा लांब होते. ती सालीखालचं लाकूड पोखरत जाते, रसवाहिन्या तुटतात, फांद्या वाळतात. एक पिढी पूर्ण व्हायला साधारण वर्ष लागतं, आणि तोवर झाड वरून हिरवंच दिसत असल्यानं दुर्लक्ष होतं. कोषही लाकडातच, भुंगेरे बाहेर पडतात ते बहुतेक पावसाळ्याच्या तोंडावर.

ताजा भुसा दिसला की थांबू नका. भोक साफ करा, तारेचा आकडा घालून अळी ओढून काढा. हाती लागली नाही तर कृषी अधिकाऱ्याला विचारून कीटकनाशकाचा बोळा आत सारा आणि भोक ओल्या चिखलानं लिंपा. पूर्ण वाळलेली फांदी कापून जाळून टाका, बांधावर रचून ठेवू नका.