आरव्ही दारात आली, पण रजिस्ट्रेशनच्या आकड्याने घाम फुटला

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

उन्हाळा जवळ आला की आमच्याकडे आरव्हीवरचे, म्हणजे मोटरहोम (इंजिन असलेली राहायची गाडी) आणि ट्रॅव्हल ट्रेलर (दुसऱ्या गाडीमागे ओढायचं घर) यांवरचे प्रश्न वाढतात. यावेळी बहुतेक सगळी पत्रं कॅलिफोर्नियातून आलीत आणि सगळ्यांचं दुखणं एकच, रजिस्ट्रेशनचा खर्च. एक पत्र पुण्याचंही आहे, ते शेवटी घेतलंय.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही बे एरियात राहतो, मुलं मोठी व्हायच्या आत सगळे नॅशनल पार्क बघायचे म्हणून नवीन मोटरहोम घ्यायचं ठरवलं, किंमत १,२०,००० डॉलर. डीलरने कागद पुढे केला त्यात टॅक्स आणि रजिस्ट्रेशन मिळून बारा हजारांच्या वर रक्कम! बायको म्हणते एवढ्यात सगळ्यांची भारताची तिकिटं निघाली असती. ऑफिसमधला एकजण म्हणतो मोंटाना राज्यात एलएलसी (छोटी खाजगी कंपनी) काढ, गाडी तिच्या नावावर घे, एक रुपया टॅक्स लागत नाही, सगळे तेच करतात. खरं का हे? आणि मुळात नंबर प्लेटसाठी एवढे पैसे कसे काय लागतात?

उत्तर: आधी तो कागद नीट बघू, कारण बारा हजार सगळे रजिस्ट्रेशनचे नाहीयेत. त्यातला मोठा घास सेल्स टॅक्सचा आहे. कॅलिफोर्नियात राज्यभर किमान ७.२५ टक्के लागतोच, वर तुमचं शहर आणि काउंटी आपापला भर घालतात, काही ठिकाणी एकूण दहा टक्क्यांच्या वर जातो. हिशोबाला ९.५ टक्के धरू, म्हणजे ११,४०० डॉलर इथेच गेले. हा एकदाच भरायचा. (डीलर कुठल्या गावात आहे याने फरक पडत नाही, गाडी तुमच्या ज्या पत्त्यावर रजिस्टर होणार तिथला दर लागतो, त्यामुळे लांबच्या स्वस्त काउंटीत जाऊन घेऊ हा बेत डोक्यातून काढून टाका.)

मग येते ती दरवर्षीची गोष्ट. नोटिशीवर 'लायसन्स फी' म्हणून जी ओळ असते ती खरी रजिस्ट्रेशनची मेख. गाडीच्या किमतीच्या ०.६५ टक्के, म्हणजे तुमच्या गाडीला पहिल्या वर्षी ७८० डॉलर. दुसऱ्या वर्षी किंमत ९० टक्के धरतात, तिसऱ्या वर्षी ८०, असं उतरत उतरत अकराव्या वर्षापासून १५ टक्क्यांवर येऊन थांबते. म्हणजे तेव्हा तीच ओळ ११७ डॉलर होते. पहिल्या दहा वर्षांची बेरीज मी करून पाहिली, साधारण ४,४०० डॉलर होतात. बघा, दहा वर्षांची लायसन्स फी मिळूनसुद्धा पहिल्या दिवशीच्या सेल्स टॅक्सच्या निम्म्याहून कमी. त्याशिवाय रस्तादुरुस्तीसाठीची ट्रान्सपोर्टेशन इम्प्रूव्हमेंट फी आहे, २०१७ च्या कायद्याने आली, २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा ६०,००० डॉलरच्या वरच्या गाडीला १७५ डॉलर होती आणि नंतर महागाईप्रमाणे वाढत गेली. बाकी मूळ रजिस्ट्रेशन फी, हायवे पेट्रोलची (महामार्ग पोलिसांची) फी, काउंटीच्या चिल्लर फिया, त्या साध्या टोयोटालाही लागतात आणि तुम्हालाही.

एवढं महाग का, याचं उत्तर जुनं आहे. पूर्वी तिथे गाड्यांवर घरासारखाच स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स होता, १९३५ मध्ये तो काढून त्याच्या बदल्यात ही लायसन्स फी आणली, तेव्हा दर होता १.७५ टक्के, १९४८ मध्ये २ टक्के झाला आणि पन्नास वर्षं तसाच राहिला. मग टप्प्याटप्प्याने कमी करत ०.६५ वर आणला. २००३ मध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या काळात तो परत २ टक्क्यांवर गेला, लोक एवढे भडकले की त्यांना रिकॉलमध्ये (मुदतीआधीच मतदान घेऊन) घालवण्यामागे जी कारणं होती त्यात हे एक मोठं होतं, आणि त्यांच्या जागी आलेल्या श्वार्झनेगर यांनी पदावर आल्या दिवशीच ती वाढ रद्द केली. नंतर मंदीत २००९ ते २०११ दोन वर्षं १.१५ होता. सांगायचा मुद्दा, तुम्ही नंबर प्लेटचे पैसे भरत नाही आहात, गाडीच्या किमतीवरचा कर भरताय, म्हणून किंमत जास्त तसं बिल जास्त. जुन्या दोन टक्क्यांनी तुमचे ७८० चे २,४०० झाले असते.

आता मोंटाना. तुमच्या ऑफिसमधल्या मित्राचं अर्धं बरोबर आहे, मोंटानात सेल्स टॅक्स नाही आणि एलएलसीच्या नावाने गाडी तिथे रजिस्टर होते. पण तुम्ही राहणार बे एरियात, गाडी उभी राहणार बे एरियात, आणि कॅलिफोर्नियाचा कायदा नेमकं हेच बघतो. बाहेर घेतलेली गाडी पहिल्या बारा महिन्यांत राज्यात आली आणि घेणारा इथला रहिवासी असला तर ती इथे वापरायलाच घेतली असं धरून यूज टॅक्स (बाहेर घेऊन इथे वापरल्याबद्दलचा कर) लावतात, दर तोच सेल्स टॅक्सचा. आणि एलएलसीचा आडोसा घ्याल तर कायद्यात स्पष्ट लिहिलंय की जिची निम्मी किंवा जास्त मालकी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांकडे आहे अशी एलएलसीसुद्धा रहिवासीच धरायची. म्हणजे हे दार आधीच बंद केलेलं आहे. इथल्या रहिवाशाची गाडी राज्यात आल्यावर वीस दिवसांत इथे रजिस्टर करायची असते, ते नाही केलं तर दंड चढत जातो. हायवे पेट्रोलचा तर खास कार्यक्रमच आहे, बाहेरच्या प्लेटची गाडी रोज शेजारी उभी दिसली की कोणीही कळवू शकतं, आणि तीस फुटी मोटरहोम काय लपणार आहे हो?

मला त्याहून जास्त भीती वाटते ती इन्शुरन्सची. कंपनीला गाडी मोंटानात उभी असते सांगितलं आणि अपघात झाला इथे, तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच निघणार. शिवाय तुम्ही व्हिसावर असा की ग्रीन कार्डवर, सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये टॅक्सबद्दल थेट प्रश्न असतात, तिथे उत्तर देताना अडखळायला लागेल असं काही मागे ठेवू नका. अकरा हजारांसाठी एवढी जोखीम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि 'सगळे करतात' हे खरं असलं तरी पकडला जातो तो एकटाच भरतो.

वाचवायचेच तर सरळ मार्गाने वाचतात. एक म्हणजे जुनी गाडी डीलरकडे एक्स्चेंजमध्ये देताय का ते बघा, कॅलिफोर्नियात ट्रेड-इनची किंमत वजा न करता पूर्ण किमतीवर सेल्स टॅक्स लागतो, बऱ्याच राज्यांत तसं नाही. त्यामुळे इथे एक्स्चेंज केल्याने टॅक्समध्ये काहीच फायदा नाही, बाहेर चांगला भाव येत असेल तर खुशाल बाहेर विका. दुसरं, तीन-चार वर्षं वापरलेली घ्या. कर तुम्ही दिलेल्या किमतीवर लागतो, टॅक्सही कमी आणि लायसन्स फीचा पायाही कमी. (खाजगी माणसाकडून घेतली तरी डीएमव्ही (तिथलं आरटीओ) यूज टॅक्स घेतंच, तो चुकत नाही, आणि विकणाऱ्याने कागदावर किंमत कमी लिहू म्हटलं तर नको म्हणा.) तिसरं, ती लायसन्स फीची ओळ फेडरल रिटर्नमध्ये पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स म्हणून घेता येते, पण फक्त आयटमाइज करत असाल, म्हणजे सरसकट वजावट न घेता एकेक खर्च दाखवत असाल, तरच, आणि राज्याच्या नि स्थानिक करांची जी एकत्र मर्यादा आहे, दहा हजारांची होती ती २०२५ साठी चाळीस हजार झाली, त्यात ती बसली पाहिजे. जास्त उत्पन्न असेल तर ही मर्यादा परत खाली येते. कर्ज काढून घेतलीत तर अजून एक, गाडीत झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असली की ती दुसरं घर म्हणून धरता येते आणि व्याजाची वजावट मिळू शकते. हे दोन्ही तुमच्या सीपीएला (करसल्लागाराला) याच वर्षी विचारा.

प्रश्न: आमचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे, वर्षातून दोन ट्रिप, बाकी वेळ घराच्या बाजूला उभा. त्याला इंजिनसुद्धा नाही! तरी दरवर्षी डीएमव्हीचं बिल येतं आणि शेजाऱ्याचा सामान वाहायचा ट्रेलर रोज रस्त्यावर असतो त्याला जवळपास काहीच नाही. हा कुठला न्याय? काही सूट मिळते का?

उत्तर: न्याय नाहीच आहे, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. शेजाऱ्याच्या ट्रेलरला कायमची नंबर प्लेट मिळते, एकदा पैसे भरले की दर पाच वर्षांनी थोडीशी सर्व्हिस फी, बस्स. २००१ च्या शेवटी ही सोय आली पण त्यातून राहायच्या सोयीचे ट्रेलर मुद्दाम वगळले, त्यांना लायसन्स फी किमतीवरच लागते. म्हणजे जो रोज वाळू-विटा ओढतो तो सुटला आणि जो दोनदा तलावाकाठी जातो तो दरवर्षी भरतो. रस्त्याची झीज बघितली तर उलटं व्हायला हवं होतं. तुमच्या भागातल्या असेंब्ली सदस्याला पत्र जरूर लिहा, अशा बारीक गोष्टी कोणी मागितल्याशिवाय बदलत नाहीत.

हातातला उपाय एकच, पीएनओ, म्हणजे यंदा गाडी चालवणार नाही असं डीएमव्हीला लिहून देणं. त्याला किरकोळ फी लागते आणि वर्षाचं बिल टळतं. पण लोक इथे फसतात ते नीट वाचा. पीएनओमध्ये ट्रेलर ओढायचा नाही एवढंच नाही, तो सार्वजनिक रस्त्यावर उभासुद्धा करता येत नाही, घराच्या आवारात किंवा स्टोरेजमध्येच पाहिजे. आणि जूनमध्ये ट्रिपला काढायचा म्हटला की आधी फी भरावी लागते, म्हणजे दोन ट्रिप होणार असतील त्या वर्षी पीएनओने काही हाती लागत नाही. एखादं वर्ष बाळ झालंय, आईबाबा सहा महिने येणार आहेत, ट्रेलर जागचा हलणारच नाही, तेव्हा त्याचा उपयोग. आणि मुदत संपायच्या आत भरा, उशीर झाला की दंड असा लावतात की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

प्रश्न: माझा मेव्हणा पोर्टलंडला असतो, तिथे सेल्स टॅक्स नाही. त्याच्या नावावर ट्रेलर घेऊन इथे सॅक्रामेंटोत ठेवला तर?

उत्तर: ओरेगनमध्ये सेल्स टॅक्स नाही आणि ट्रॅव्हल ट्रेलरची फीसुद्धा किमतीवर नाही, लांबीवर ठरते, फूट मोजून. माझ्या मते हा जास्त समजूतदार हिशोब आहे. पण पैसे तुमचे, ट्रेलर तुमच्या दारात, नाव मेव्हण्याचं, ही मोंटानाचीच धाकटी बहीण झाली. मेव्हण्याने खरंच स्वतःसाठी घेतला, तो तिथेच ठेवला आणि तुम्ही सुट्टीत तिकडे जाऊन मागून वापरलात, तर बिनधास्त वापरा. फक्त त्याच्या इन्शुरन्सला दुसऱ्याने ओढलेला चालतो का ते आधी विचारून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी पुण्याचा, मुलाकडे अमेरिकेत आरव्ही पाहून आलो आणि आता इथे जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन आतून बेड, ओटा करून घ्यायचा विचार आहे. गॅरेजवाला म्हणतो आरटीओचं मी बघतो, वेगळं रजिस्ट्रेशन कशाला, खर्च वाचेल. चालेल का?

उत्तर: नका करू तसं. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाच्या पलीकडे गाडी बदलायची नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच पक्कं केलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीटा काढल्या, गॅस बसवला, छतात खिडकी पाडली, मोजा किती बदल झाले ते. अशा गाड्यांसाठी आपल्याकडे मोटर कॅरॅव्हॅनचं वेगळं मानक आहे, एआयएस-१२४, त्याप्रमाणे मंजुरी असलेल्या बिल्डरकडूनच बांधून घ्या, तो मंजुरीचा कागद आधी हातात मागा, आणि आरसीवर गाडीचा प्रकार मोटर कॅरॅव्हॅन असा येणार आहे ना हे लेखी घ्या. तुमच्या पुण्यातच एआरएआय आहे, वाहनांच्या चाचण्या आणि मंजुऱ्यांचं काम तिथे चालतं. ॲडव्हान्स द्यायच्या आधी आरटीओत जाऊन या प्रकाराला टॅक्स किती आणि कुठल्या हिशोबाने लागेल ते विचारून या, गॅरेजवाल्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.