पुरात खचलेला रस्ता कुणाचा?

प्रश्न : सप्टेंबर २०२५च्या सीनेच्या पुरात आमच्या गावाचा जोडरस्ता ओढ्यावर खचला. वाऱ्याने शाळेचे पत्रे उडाले ते वेगळंच. ग्रामपंचायत म्हणते, रस्ता आमच्याकडे नाही. दाद कुठे मागायची?
– एक वाचक भगिनी, मोहोळ तालुका

उत्तर : ताई, ग्रामपंचायत खोटं बोलत नसेल. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात रस्त्याचा क्रमांक विचारा आणि अर्जात तो घालाच. क्रमांक नसलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. बांधकाम खात्यातल्या नोकरीत मी हे फार पाहिलं.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून रस्ते, पूल, पाणीयोजना, प्राथमिक शाळा यांची तातडीची दुरुस्ती करता येते. नुकसानीचे फोटो आणि पंचनाम्याची प्रत अर्जाला जोडा, पोच घ्या.

मला खरी काळजी ओढ्याची आहे. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. रस्त्याखालच्या पाइपांत गाळ आणि वेड्या बाभळीच्या फांद्या अडकल्या, की पाणी रस्त्यावरून जातं आणि खालच्या अंगाचा भराव कापून नेतं. त्यावर नुसता मुरूम टाकून डांबर ओतलं, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच! म्हणून आधी मोठे पाइप आणि भरावाला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचं अस्तर, मागा, डांबर नंतर. शाळेच्या पत्र्यांसाठी मात्र यात थांबू नका. तो अर्ज मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आजच द्या.