फलाटावरची दहा मिनिटं

प्रश्न : ताई, मी बँकेत आहे. मार्चअखेरच्या कामानं झोप उडालीय. घरी गेले की लेकीवर खेकसते, मग रडू येतं. काय करू?

उत्तर : अगं, मीही शाखेत 28 वर्षं काढली. संध्याकाळी कॅश जुळेना की छातीत धडधडायचं. मग डोंबिवलीला उतरल्यावर थेट घर गाठणं मी बंद केलं. फलाटावरच्या बाकावर दहा मिनिटं बसायचे. पर्समधल्या जुन्या पावतीच्या पाठीवर उद्याची कामं लिहायची, घडी घालून आतल्या कप्प्यात ठेवायची. रात्री दोनला दचकून उठणं त्यानंतर कमी झालं. लेकीला मात्र आजच जवळ घेऊन सांग, 'चूक तुझी नव्हती, बाळा.' झोप तरीही येईना, तर 14416 वर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.