सुरक्षारक्षक वाढवल्याने रुग्णालयातील मारहाण थांबेल का?

अपघात विभागात रात्रपाळीच्या परिचारिकेवर नातेवाइकाने हात उगारल्यानंतर व्यवस्थापनाने दारात आणखी दोन रक्षक नेमले आहेत, तेवढे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही. रक्षक हवेतच, परंतु तो धावून येतो तेव्हा प्रसंग हाताबाहेर गेलेला असतो, आणि आपले खरे काम त्याआधीच्या तासाभरात असते.

रुग्णाच्या बाबतीत हा तास ओळखण्यासाठी ब्रोसेट तपासणी सूची उपयोगी पडते. गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, तोंडी धमकी, अंगावर येण्याचा आविर्भाव आणि वस्तूंवर राग काढणे अशी तिची 6 लक्षणे असून, त्यांपैकी 3 किंवा अधिक दिसल्यास पुढील 24 तासांत हिंसेचा धोका मोठा मानतात. ही सूची मूळची मनोरुग्ण कक्षांसाठी आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

नातेवाइकांचा संताप बहुधा ताटकळण्यातून आणि त्याहूनही अधिक काहीच न कळण्यातून वाढतो. "थांबा, डॉक्टर येतील" हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकणाऱ्या माणसाला आपला रुग्ण वाऱ्यावर सोडला आहे असे वाटू लागते. त्याऐवजी "रक्ताचा अहवाल यायला अजून तास लागेल, साडेदहाला मी स्वतः येऊन सांगते" असे सांगावे आणि अहवाल आला नसला तरी साडेदहाला जावेच. मृत्यूची वार्ता जिन्यात किंवा व्हरांड्यात कधीही देऊ नये. बसायला जागा असलेल्या वेगळ्या खोलीत, दोघांनी मिळून द्यावी, आणि कर्मचाऱ्यांनी दाराच्या बाजूला बसावे. धोक्याची घंटा असेल तर ती वाजल्यावर नेमके कोण येते, हे दर पाळीला तपासावे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नोंद. शिवीगाळ "रोजचीच" म्हणून कोणी लिहीत नाही, आणि लिहिलेच नाही तर व्यवस्थापनाच्या दृष्टीने ती घडलेलीच नसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2019 चा 190 क्रमांकाचा करार धमकीलाही हिंसा मानतो. आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी 8 ते 38 टक्क्यांना कारकिर्दीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन मिनिटांत भरता येईल असा एक पानी अर्ज मागा, आणि त्यावर काय कार्यवाही झाली हे भरणाऱ्याला कळवण्याची अटही घाला. घटनेनंतर त्या परिचारिकेला "तू काय बोललीस?" असे पहिल्यांदा विचारणारा वरिष्ठ पुढच्या दहा जणींची तोंडे बंद करतो, तिला आधी कामातून मोकळे करावे, उपचार द्यावेत आणि पोलिसांतील तक्रार संस्थेने स्वतःच्या नावाने करावी.

आपल्या विभागातील गेल्या तीन महिन्यांच्या घटना वेळ आणि जागेनुसार मांडून बैठकीत ठेवा. ते नवे रक्षक दारात हवेत की प्रतीक्षा कक्षात, हेही त्यावरूनच ठरेल.