नवऱ्याची सिगारेट कशी सुटेल? आमच्या घरात काय झालं ते सांगते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्नाला सहा वर्षं, नवरा दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढतो. रडून झालं, अबोला धरून झाला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, तीही मोडली. आता काय करू, आणि सिगारेटीऐवजी वेप आणून दिली तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही.

वेपचं आधी उरकते. आपल्या देशात २०१९ पासून ई-सिगारेट बनवायला, विकायला, बाहेरून मागवायला कायद्यानं बंदी आहे. शिवाय बहुतेक वेपमध्ये निकोटीनच असतं. तो नाद सोडा.

आता बाकीचं. मी कोल्हापूरची, उत्तरेश्वर पेठेत राहते. आमच्या ह्यांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. एकवीस वर्षं ओढत होते. सुटून आता चौथं वर्ष चालू आहे. मी काही डॉक्टर नाही, पण शपथेच्या बाबतीत तुमच्यापेक्षा सीनियर आहे.

आमच्याकडं शपथ अंबाबाईची झाली. नवरात्रात दर्शनाच्या रांगेत उभ्या उभ्या मी ह्यांच्याकडून वदवून घेतलं. दहा दिवस टिकली. अकराव्या दिवशी ओढली आणि पुढं सात महिने मला पत्ता लागू दिला नाही. वर्कशॉपमध्ये लेथच्या मागं खिळ्याला दुसरा शर्ट टांगलेला असायचा. ओढायची ती तो घालून, आणि घरी निघताना हात डिझेलच्या बोळ्यानं पुसायचे. मला वाटायचं, मशीनचा वास आहे. मी त्या सात महिन्यांत अंबाबाईला दोनदा ओटी भरून आले, नवस फळला म्हणून!

नंतर कळलं की त्या काळात ह्यांच्या सिगारेटी वाढल्या होत्या. देवीची शपथ मोडली याचा घोर, तो घालवायला आणखी एक. म्हणून सांगते, शपथ घालू नका. मुलाची तर मुळीच नको. मोडल्यावर माणूस सिगारेट टाकत नाही, खोटं बोलायला शिकतो.

त्यानंतर मी पोलीस झाले. हे दारात आले की शर्टाचा वास, खिशात लवंगा सापडल्या की चौकशी. वर्कशॉपमधल्या पोराला फोन करून विचारायचे, "साहेब बाहेर गेलेत काय रे?" तो बिचारा दोन्हीकडून बोलणी खायचा. आणि पकडलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी आईची मिश्री बंद कर, मग माझ्याकडं बघ." आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, चाळीस वर्षं मिश्री लावतात. मागच्या दारात तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की गल्लीत ठसका लागतो. आमचं भांडण सुरू झालं की आत्तींना एकाएकी ऐकू यायचं बंद व्हायचं.

यातून बाहेर कसे पडलो, तर एकदा उन्हाळ्यात रात्री लाइट गेली होती. हे गच्चीवर गेले. कशाला गेले ते मला कळत होतं. मी म्हटलं, "थांबा, मी पण येतो." (कोल्हापुरात आम्ही बायकाही येतोच म्हणतो, हसू नका.) वर जाऊन शेजारी बसले. त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच सिगारेट पेटवली, जरा चाचरतच. भांडायचं त्राणही नव्हतं त्या उकाड्यात. सहज विचारलं, पहिली कधी ओढली?

म्हणाले, सतराव्या वर्षी. उद्यमनगरातच एका मिस्त्रीच्या हाताखाली टर्निंग शिकत होते. सकाळी आठपासून लेथवर उभं राहायचं. "बसू द्यायचा नाही बघ. पाणी प्यायला गेलो तरी शिव्या. पण बिडी मारून येतो म्हटलं की पाच मिनिटं सोडायचा. कारण तो स्वतः ओढायचा. मग मी पण ओढायला लागलो."

मी किती वर्षं धुराशी भांडत होते, आणि ह्यांच्या लेखी ती बसायची परवानगी होती. आता वर्कशॉप स्वतःचं, मालक स्वतः, तरी दर दोन तासांनी बाहेर टपरीवर जाऊन ती पाच मिनिटं घेतल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

त्या रात्री मी एवढंच म्हटलं, इथून पुढं विचारणार नाही, वास घेणार नाही. लपवू नका. फक्त घरात नको आणि पोरांजवळ नको. बहीण म्हणाली, तू तर मोकळं रान दिलंस. पहिले दोन महिने मलाही तसंच वाटलं. हे बिनधास्त ओढायला लागले. पण लपवाछपवी गेल्यावर खरा आकडा बाहेर आला. दिवसाला अकरा, आणि पहिली उठल्यावर दहा मिनिटांच्या आत. पुढं डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, उठल्यावर पहिली किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनची पकड घट्ट आहे असं धरतात. तुमच्या नवऱ्याचं हे बघून ठेवा. वाद न घालता, नुसतं बघा.

सोडायचं त्यांचं त्यांनी काढलं, आणि कारण बघा कसलं. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर ते भयानक चित्र असतं, ते मी वर्षानुवर्षं नाकासमोर धरत होते. त्याचा उपयोग शून्य. एका संध्याकाळी हे जुन्या सीएनसी मशीनच्या हप्त्याचा हिशोब एका पुठ्ठ्यावर मांडत होते, आणि कोपऱ्यात लिहिलं, १८ × ११ × ३०. एका सिगारेटीचे रुपये, दिवसाच्या सिगारेटी, महिन्याचे दिवस. आलं ५,९४०. खोडून परत केलं. परत तेवढंच. पुठ्ठा बराच वेळ हातात धरून बसले, मग म्हणाले, "डॉक्टरकडं जाऊया काय?" मी भाजी निवडत होते, मान वर न करता बरं म्हटलं. आत काय होत होतं ते मलाच माहीत.

तुमच्या नवऱ्याचं कारण वेगळं असेल. त्याचं त्याला सापडू द्या, तुमचं त्याच्या गळ्यात बांधू नका.

डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगम दिलं. ते २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. सकाळी लवकर ओढणाऱ्याला सहसा मोठं सुरू करतात, मग हळूहळू कमी करत आणतात. हृदयाचा त्रास वगैरे असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळ्याही असतात, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. या च्युइंगमचं एक तंत्र आहे आणि ते न कळल्यामुळं पुष्कळ लोक ते फेकून देतात. साध्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नाही. हळू चार-सहा वेळा चावायचं, तिखट झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं. आणि चहानंतर निदान पंधरा मिनिटं तोंडात टाकायचं नाही, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. आमच्या ह्यांनी पहिलं च्युइंगम कटाकटा चावलं, वर चहा घेतला, आणि तासभर उचक्या देत बसले.

आता कुणी लिहीत नाही ते लिहिते. सकाळची सिगारेट पुष्कळ पुरुषांना पोट साफ होण्यासाठी लागते. निकोटीननं आतडी हलतात, त्यामुळं सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं आणि माणूस चार दिवसांत हरतो. लाजेनं बोलत नाही, म्हणतो टेन्शन आहे म्हणून ओढली. आम्ही रात्री इसबगोल, सकाळी तांब्याभर कोमट पाणी आणि रंकाळ्यापर्यंत चालणं असं केलं. दोन-अडीच आठवड्यांत गाडी रुळावर आली.

चहाही निम्मा करा. धुरामुळं शरीर कॅफीन भराभर संपवत असतं. सिगारेट बंद झाली की तेवढाच चहा अंगावर येतो, हातपाय थरथरतात, झोप उडते, आणि दोष मात्र सिगारेट सोडल्याला जातो.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड दोन ते चार आठवडे चालते. आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं एकदा. पोरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, बाबांना महिनाभर काही मागायचं नाही. चिडचिड मी सोसली. एकदा शिवी आली तेव्हा मात्र ताट तिथंच ठेवून उठून गेले. सिगारेट सोडतोय म्हणून काहीही ऐकून घ्यायचं असं नसतं.

तल्लफ मात्र फार वेळ टिकत नाही, पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हाताला आणि पायाला काम लागतं. वर्कशॉपात त्यांनी एक लाकडी स्टूल आणून ठेवलं. दोन तासांनी मशीन बंद करून त्यावर नुसतं बसायचं, पाणी प्यायचं, शेंगदाणे खायचे. पोरालाही बसायला लावायचं. टपरीवर जायचं नाही, कारण तिथं सुतळी पेटती लटकलेली असते आणि एक घे की म्हणणारा कुणीतरी भेटतोच. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे म्हणे; टपरीवर ती बातमी अजून पोचायची आहे.

रात्री जेवणानंतरची सगळ्यात अवघड. तिच्यासाठी आम्ही गंगावेशीला चालत जायला लागलो. तिथं दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात. गरम, वर बोटभर फेस. ह्यांच्या मिशीला फेस लागायचा, मी पदरानं पुसायचे, लोक बघायचे. लग्नानंतर एवढं आम्ही एकत्र कधी चाललो नव्हतो. वजन चार किलो वाढलं ते वाढलंच. ते नंतर बघता येतं.

एकेचाळिसाव्या दिवशी घसरले. शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेची फुटबॉलची मॅच होती, हरली. रात्री फोन आला, "दोन ओढल्या." माझ्या तोंडात सतरा वाक्यं आली. गिळली. म्हटलं, "जेवायला या, भाकरी टाकतो." घरी आल्यावर तेच सांगत बसले, कुणी दिली, कशी लागली, डोकं कसं गरगरलं. दुसऱ्या दिवशी परत बंद. सात महिने लपवणारा माणूस दोन सिगारेटी स्वतः फोन करून सांगतो, त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आता सुटणार.

आणि माव्याकडं, म्हणजे त्या सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाकडं, लक्ष ठेवा. कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, सिगारेट सोडलीस ना, मग थोडा मावा खा, धूर नाही काही नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभरात चारच प्रौढ ओढणारे निघाले आणि तंबाखू खाणारे-लावणारे चोवीस. आपल्याकडं सिगारेट सोडलेला माणूस सहज तिकडं जाऊन पडतो, आणि तोंडाचा कॅन्सर तिथंच बसलेला असतो.

डॉक्टरांकडं जायला तयार नसेल तर पाकिटावरच १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, फोन मोफत आहे. आधी मीच केला होता, ह्यांच्या नकळत, नुसतं कसं वागू ते विचारायला. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायचं केंद्र आहे का, तेही विचारून बघा.

डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं होतं, वर्षभर नाही ओढली तर सिगारेटमुळं वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो. वर्ष भरलं त्या दिवशी हे स्वतःच पेढे घेऊन आले, आणि वर्कशॉपातला तो दुसरा शर्ट मशीन पुसायला फाडला.

आता आमच्याकडं नवीनच चालू आहे. हे आत्तींच्या मागं लागलेत, मिश्री सोड म्हणून. डबी लपवतात, तोंडाचा वास घेतात, परवा तर अंबाबाईची शपथ घालायला निघाले होते. आत्तींना परत ऐकू येईनासं झालंय.