चिपट्यून आणि गिटार : घरी केलेल्या या संगीताला काय म्हणावे?

एका वाचकाने विचारले आहे की, जुन्या गेम बॉयवर (निन्टेंडो या जपानी कंपनीच्या हातात धरून गेम खेळण्याच्या यंत्रावर) रचलेल्या सुरावटींना इलेक्ट्रिक गिटारची जोड देऊन ते घरच्या घरी संगीत तयार करतात, पण ते लोकांसमोर ठेवताना ‘संगीतप्रकार’ या रकान्यात नेमके काय लिहावे हे त्यांना ठरवता येत नाही. ‘चिपट्यून’ लिहिले तर गिटारचा पत्ता लागत नाही, ‘रॉक’ लिहिले तर गेम बॉय झाकला जातो आणि ‘८-बिट’ लिहिले तर ऐकणारे ते एखाद्या व्हिडिओ गेमचे पार्श्वसंगीत समजतात. या प्रकाराला मराठीत काही म्हणता येईल का, असेही त्यांनी विचारले आहे. माझे उत्तर असे आहे की, रचनेचा भार गिटारवर असेल तर ‘चिप-रॉक’ म्हणावे, भार चिपवर असेल तर ‘चिपट्यून’ म्हणावे आणि मराठीत वर्णन करताना आपल्या संगीतचर्चेत आधीपासून रुळलेल्या ‘अंग’ या शब्दाचा आधार घ्यावा. या तिन्ही सूचनांमागची कारणे सविस्तर सांगण्याजोगी आहेत.

चिपट्यून म्हणजे जुन्या घरगुती संगणकांतील आणि गेम खेळण्याच्या यंत्रांतील ध्वनिचिपने निर्माण केलेले संगीत, अशी व्याख्या आज केली जाते. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या संगणकात बॉब यानेस यांनी रचलेली सिड नावाची चिप होती आणि तिच्यात तीन स्वतंत्र आवाज होते. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रात पाच वाहिन्या, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणारे पाच स्वतंत्र आवाज, होत्या : दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक छोटे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी. १९८९ च्या गेम बॉयमध्ये दोन चौकोनी लहरी, वापरणाऱ्याला स्वतः आकार देता येईल अशी एक लहर आणि एक खरखर, अशा चार वाहिन्या आहेत. एवढ्या तुटपुंज्या साधनांत सुरावट, खर्ज आणि ताल हे सारे बसवावे लागत असल्यामुळे या संगीताची स्वतःची घडण तयार झाली. पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, वाजवायला वाहिन्या पुरत नाहीत म्हणून त्यातले स्वर एकाच वाहिनीवर इतक्या वेगाने एकामागून एक वाजवायचे की कानाला ते एकत्रच ऐकू यावेत, ही चिपट्यूनची सर्वांत ओळखीची खूण याच अडचणीतून आली आहे.

मात्र ‘चिपट्यून’ हा शब्द या यंत्रांवर जन्मलेला नाही आणि आपल्या प्रश्नासाठी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकाची अखेर आणि १९९० च्या दशकाचा आरंभ या काळात अमिगा संगणकावर ट्रॅकर प्रकारच्या, म्हणजे प्रत्येक वाहिनीचे स्वर उभ्या रकान्यात ओळीओळीने मांडायच्या, सॉफ्टवेअरमध्ये संगीत रचणाऱ्या मंडळींत तो रुळला. अमिगाची ध्वनिचिप ८-बिट नमुने वाजवत असे आणि ध्वनिमुद्रित वाद्यांचे नमुने घातले की फाइल जड होई. त्याऐवजी लहरीचे एखादेच आवर्तन साठवून ते पुन्हा पुन्हा फिरवले तर अगदी छोट्या फाइलमध्ये कमोडोर ६४ ची आठवण करून देणारा आवाज मिळे आणि अशा रचनांना ‘चिपट्यून’ म्हटले जाऊ लागले. म्हणजे ज्याला हे नाव प्रथम मिळाले ते संगीत जुन्या चिपचे अनुकरण करणारे होते. प्रत्यक्ष जुने यंत्र न वापरता सॉफ्टवेअरमधून तसा आवाज काढणाऱ्यांना आज ‘फेकबिट’ म्हणून वेगळे काढले जाते. यंत्राविषयी प्रामाणिक माहिती देण्यापुरते ते ठीक आहे, पण ‘ही खरी चिपट्यून नव्हेच’ असा निवाडा कोणी देत असेल, तर शब्दाचा इतिहास त्याच्या बाजूने नाही. प्रश्नकर्ते खऱ्या गेम बॉयवर रचना करतात, त्यामुळे त्यांना ही शंका घेण्याचे कारणच नाही. योहान कोटलिन्स्की यांचे ‘लिटल साउंड डीजे’ हे गेम बॉयवर चालणारे सॉफ्टवेअर ह्याच ट्रॅकर परंपरेतले आहे.

‘८-बिट संगीत’ हे नाव मी सुचवणार नाही. ८-बिट हे त्या यंत्राच्या प्रोसेसरचे वर्णन आहे, आवाजाचे नव्हे. गेम बॉयच्या चौकोनी लहरींची पातळी चार बिटांची, म्हणजे सोळा पायऱ्यांची आहे आणि त्याची घडवता येणारी लहरही चार बिटांच्या बत्तीस नमुन्यांची आहे. दुसरीकडे, जिथे ‘चिपट्यून’ हा शब्द घडला तो अमिगा ८-बिट संगणक नव्हता. बोलताना हे नाव चालून जाते आणि ऐकणाऱ्याला अंदाजही येतो, पण प्रकाराचे नाव म्हणून ते यंत्राच्या पिढीकडे बोट दाखवते आणि संगीत मागेच राहते.

आता मिश्रणाकडे येऊ. चिपचे आवाज आणि इतर वाद्ये एकत्र आणणाऱ्या संगीताला ‘बिटपॉप’ हे नाव वापरात आहे. ते बरेच सैल असले तरी चिप हा अनेकांतला एक घटक आहे, एवढे ते नीट सांगते. ‘निन्टेंडोकोर’ हे नाव हॉर्स द बँड या कॅलिफोर्नियातील वाद्यवृंदाशी जोडले गेले आहे आणि त्यात मेटलकोरचे, म्हणजे हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या मिश्रणाचे, आक्रमक गिटारवादन व आरडून केलेले गायन गृहीत आहे, त्यामुळे केवळ निन्टेंडोचे यंत्र आणि गिटार एकत्र आले म्हणून ते लावणे चुकीचे ठरेल. जुन्या गेममधल्या प्रसिद्ध धुना गिटारवर वाजवणे हा आणखी निराळा प्रकार आहे, कारण तिथे गेमची धून असते पण चिपचा आवाज बहुधा नसतोच. प्रश्नकर्त्यांच्या कामाला सर्वांत जवळचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कच्या अनामनागुची या वाद्यवृंदाचे आहे. निन्टेंडोच्या यंत्रांवर रचलेल्या सुरावटींबरोबर गिटार, बास आणि ड्रम प्रत्यक्ष वाजवणारी ही मंडळी आहेत आणि त्यांचे संगीत ऐकल्यावर ‘चिप-रॉक’ या जोडनावाची गरज लगेच पटते. ‘चिप-मेटल’, ‘चिप-पंक’ अशी नावेही याच रीतीने होतात आणि त्यांत उत्तरपद संगीताचा साचा सांगते, तर पूर्वपद आवाजाचा उगम सांगते.

स्वतःच्या रचनेला यांतले कोणते नाव लागू पडते हे ठरवण्यासाठी एक साधी कसोटी मला उपयोगी वाटते. रचनेतून गिटार काढून टाकावी आणि जे उरेल ते स्वतंत्र रचना म्हणून उभे राहते का ते ऐकावे, मग चिप काढून तेच करावे. गिटार काढूनही रचना पूर्ण वाटत असेल, तर ती गिटारची साथ घेतलेली चिपट्यून आहे. चिप काढूनही गिटार, तिची रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरावटीचा तुकडा) आणि तालाचा साचा मिळून रचना तग धरत असेल, तर तो रॉक आहे आणि चिप त्याला रंग देते आहे. दोन्हींपैकी काहीही काढले की रचना कोसळत असेल, तर मात्र जोडनाव सोय म्हणून नव्हे तर अचूकतेसाठी लागते.

अशा रचना पुष्कळ असतात आणि त्यामागे ध्वनीचे कारण आहे. गिटारला भरपूर डिस्टॉर्शन दिले, म्हणजे तिचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवला, की तिच्या लहरीचे वरचे आणि खालचे टोक सपाट कापले जाते आणि ती चौकोनी लहरीच्या आकाराकडे झुकते. चिपचा मूळ आवाजच चौकोनी लहरीचा असल्याने दोन्ही आवाज एकमेकांत सहज मिसळतात आणि काही ठिकाणी कोणता आवाज कोणाचा हे सांगणेही कठीण होते. शिवाय कॉर्डची जबाबदारी गिटारने घेतली की चिपला ते धावते स्वर वाजवावे लागत नाहीत, तिच्या वाहिन्या सुरावटीसाठी मोकळ्या होतात आणि चिपसाठी लिहिण्याची पद्धतच बदलते. गिटारची नुसती भर पडल्याने हे होत नाही, दोन वाद्यांनी कामे वाटून घेतल्यामुळे होते आणि म्हणूनच या संगीताला वेगळे नाव असावे असे मला मनापासून वाटते.

मराठीत यासाठी नवा शब्द पाडण्याची आवश्यकता नाही. ‘चिप’ला ‘ध्वनिचकती’ किंवा ‘ट्यून’ला ‘धून’ करून जोडशब्द बनवला तर तो समजावून सांगावा लागेल, आणि जे नाव दर वेळी समजावून सांगावे लागते ते नावाचे काम करत नाही. याउलट, दोन परंपरा एका सादरीकरणात कशा एकत्र आल्या हे सांगण्याची सोय मराठी संगीतचर्चेत फार सुंदर आहे. विलायत खाँ यांची सतार किंवा एन. राजम यांचे व्हायोलिन गायकी अंगाचे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा वाद्य कोणते आणि वळण कोणाचे हे दोन्ही एका वाक्यात कळते. व्हायोलिनचे नावही त्यासाठी बदलावे लागत नाही. त्याच धर्तीवर ‘चिपट्यून अंगाचा रॉक’ किंवा ‘रॉक अंगाची चिपट्यून’ असे म्हणावे. ‘ट्यून’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी वापरला जातो आणि ‘रॉक’ पुल्लिंगी, त्यामुळे ‘अंगाचा’ आणि ‘अंगाची’ या रूपांतूनच प्रधान कोण हे स्पष्ट होते. इंग्रजी जोडनावाला पदांच्या क्रमावर विसंबावे लागते, आपल्याकडे क्रमाला लिंगवचनाचीही जोड मिळते.

राहिला ‘घरी केलेले’ हा भाग. ‘घरगुती संगीत’ असे लिहू नये, कारण ‘घरगुती मैफल’ म्हटले की घरातल्या निमंत्रित श्रोत्यांसमोरचे गाणे डोळ्यांपुढे येते आणि इथे सांगायचे आहे ते निर्मितीचे स्थळ. ‘लो-फाय’ हे नावही घरी ध्वनिमुद्रण झाले एवढ्याच कारणाने लावू नये. त्यात टेपची खरखर, दबलेला आवाज, मुद्दाम ठेवलेला ओबडधोबडपणा अभिप्रेत असतो आणि चिपची चौकोनी लहर तर चांगली धारदार व स्वच्छ ऐकू येते. सर्व काही एकाच व्यक्तीने केले असेल तर ‘एकहाती’ हा मराठी शब्द नेमका आहे, आणि स्थळ सांगायचेच असेल तर ‘घरी ध्वनिमुद्रित’ असे वर्णनात लिहावे, कारण स्थळ हा संगीतप्रकाराचा भाग नाही.

तेव्हा प्रश्नकर्त्यांनी रकान्यात ‘चिप-रॉक’ लिहावे, शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी ‘चिपट्यून’ आणि ‘बिटपॉप’ ही नावे टॅग म्हणून जोडावीत आणि खाली मराठीत असे वर्णन द्यावे : ‘गेम बॉय आणि इलेक्ट्रिक गिटार यांवर एकहाती रचलेला, घरी ध्वनिमुद्रित केलेला चिपट्यून अंगाचा रॉक.’ लिहिताना ‘चिपट्यून’ हा शब्द न तोडता लिहावा आणि विभक्तिप्रत्यय लावताना ‘चिपट्यूनचा’, ‘चिपट्यूनमध्ये’ अशी सामान्यरूप न करता होणारी रूपेच वापरावीत, कारण अलीकडे आलेल्या परभाषी शब्दांच्या बाबतीत मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी हीच रूपे येतात.