‘आत्ता बंद कर’ म्हणण्याआधी

‘मुलगा तासन्‌तास गेम खेळतो, बंद कर म्हटलं की अंगावर येतो. व्यसन लागलंय का हो त्याला?’ हा प्रश्न घेऊन आठवड्यातून एखादं तरी घर समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतं. पूर्वी मी लगेच कागद ओढून रोज किती तास, सुट्टीत किती, असं वेळापत्रक आखून द्यायचे. ती माझी सवय चौदा वर्षांच्या एका मुलानं सोडवली. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीला आई एकटीच आली होती. रात्री साडेनऊला ती बंद कर म्हणायची, तो ‘पाच मिनिटं’ म्हणायचा, पाचाची वीस झाली की ती जाऊन भिंतीवरचं बटण बंद करायची. आदल्या आठवड्यात त्यानं कंट्रोलर भिंतीवर फेकला होता. ‘दिवसभर तलवारी घेऊन माणसं कापत असतो स्क्रीनवर. तेच उतरतंय अंगात,’ असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

पुढच्या भेटीला तो हाताची घडी घालून बसला.

‘काय खेळतोस?’

‘स्टार वॉर्स.’

‘त्यातलं कुठलं?’

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. हा प्रश्न त्याला घरात कुणी विचारला नव्हता. वास्तविक हा प्रश्न विचारायलाच हवा. स्टार वॉर्स ही मुळात अंतराळातल्या युद्धांची सिनेमामालिका. पहिला सिनेमा आला १९७७ साली, त्यावरचे घरगुती गेम १९८२ पासून येताहेत, आणि प्रत्येकाची जात निराळी आहे. विमानं उडवायचे, सैन्याच्या लढायांचे, लेगोच्या ठोकळ्यांचे, एकट्यानं गोष्ट जगायचे. सगळ्यांवर नाव एकच, पण मुलाला त्यातून मिळतं ते वेगवेगळं.

तो दोन गेम खेळत होता. एक २०१९ चा ‘जेडाय: फॉलन ऑर्डर’, तोही तिसऱ्यांदा. दुसरा २०१७ चा ‘बॅटलफ्रंट २’, ऑनलाइन, जुन्या शाळेतल्या मित्रांबरोबर.

‘आई बटण बंद करते तेव्हा नक्की काय होतं?’ मी विचारलं.

त्यानं माझं पेन घेतलं आणि माझ्याच वहीत एक गोल काढला. ‘असा गोल जमिनीवर चमकत असतो. कॅल, म्हणजे गेममधला हीरो, इथे ध्यानाला बसतो, मग सेव्ह होतं. पुढे गेल्यावर मेलो तर परत इथूनच.’ गोलापासून त्यानं वेडीवाकडी रेघ ओढली, रेघेवर ट्रूपरच्या, म्हणजे शत्रूच्या शिपायांच्या, फुल्या मारल्या, शेवटी दुसरा गोल काढला. आणि त्या दुसऱ्या गोलाच्या अगदी अलीकडे पेन टेकवून म्हणाला, ‘आई इथे बंद करते. रोज.’

ते पान मी अजून जपून ठेवलंय. रोजच्या भांडणाचा अख्खा नकाशा होता तो. आई घड्याळाकडे बघत होती, तो पुढच्या गोलाकडे. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. ऑनलाइन सामन्याचं तर याहून अवघड. गोष्टीचा गेम निदान मध्येच थांबवून ठेवता येतो, सामना थांबत नाही. अर्ध्यात उठलं की आपल्या बाजूचे मित्र तोंडघशी पडतात.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्यात तास मोजलेले नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी आयुष्यापेक्षा गेमच वरचढ होत जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, या तीन गोष्टी बघायच्या, त्याही साधारण बारा महिने टिकलेल्या, आणि अभ्यास, घर, नाती यांची ठळक हानी झालेली. हा मुलगा वेळेवर शाळेत जात होता, जेवत होता, परीक्षेच्या आठवड्यात आपणहून खेळला नव्हता. झोप मात्र कमी पडत होती, ते मला खटकलं आणि मी तसं त्याला सांगितलं. ज्या घरात या तिन्ही खुणा दिसतात तिथे मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि उशीर करू नका असं कळकळीनं सांगते. इथे तसं नव्हतं.

तोच गेम तिसऱ्यांदा का, हे मात्र मला छळत होतं. मी त्याला सुरुवातीची गोष्ट सांगायला लावली. जेडाय म्हणजे स्टार वॉर्समधले अद्भुत शक्ती असलेले योद्धे, आणि कॅल केस्टिस हा त्यातला एक कोवळा जेडाय. सगळ्या जेडायांची कत्तल झाल्यावर पाच वर्षं तो एका ग्रहावर जहाजं मोडणारा साधा कामगार बनून लपलेला असतो. अंगात शक्ती आहे, पण दाखवायची सोय नाही. एक दिवस मित्र उंचावरून पडतो, त्याला वाचवताना ती शक्ती सगळ्यांसमोर उघडी पडते.

‘पाच वर्षं कुणाशी खरं बोलायचंच नाही म्हणजे काय,’ एवढं बोलून तो थांबला.

मीही थांबले. मग हळूच विचारलं, ‘नव्या शाळेत किती महिने झाले?’

‘सात.’

त्या शाळेत तो डब्याच्या सुट्टीत एकटा बसायचा. रात्रीचे ऑनलाइन सामने म्हणजे त्याच्या दिवसातल्या एकमेव गप्पा होत्या. आई बटण बंद करायची तेव्हा त्या गप्पा तुटायच्या, आणि हे तिला माहीतच नव्हतं, कारण त्यानं सांगितलं नव्हतं. पुढच्या चार भेटी आम्ही शाळेवरच बोललो, गेमचं नावही फारसं निघालं नाही.

घरासाठी ठरलं ते थोडकंच. शेवटचा सामना नऊच्या आत सुरू करायचा, तो संपला की उठायचं. गोष्टीचा गेम असेल तर पुढच्या गोलापर्यंत. भिंतीवरच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. आणि पैसे देऊन काही घ्यायचं असेल तर आधी विचारायचं. या शेवटच्या अटीवर मी अडून बसले. ‘बॅटलफ्रंट २’ बाजारात आला तेव्हा स्टार वॉर्समधला खलनायक डार्थ व्हेडर याच्यासारखी पात्रं मिळवायला इतका वेळ घालवावा लागे आणि आत काय निघेल ते माहीत नसलेल्या पेट्यांवर इतका भर होता, की जगभरचे खेळाडू खवळले. विक्रीच्या तोंडावर कंपनीनं खऱ्या पैशांची खरेदी बंद केली, २०१८ मध्ये रचनाच बदलली. पण तशा पेट्या इतर अनेक गेममध्ये आहेत, आणि ‘या वेळी नशीब निघेल’ ही ओढ मुलांना फार लवकर धरते. तलवारींपेक्षा मला भीती तिची वाटते.

आईला मी एक काम दिलं, लेगोवाला गेम त्याच्याबरोबर खेळायचं. त्यात दुसऱ्या माणसाला केव्हाही शिरता येतं, केव्हाही बाहेर पडता येतं. मेलं तर थोडी नाणी सांडतात, लगेच पुन्हा उभं राहता येतं. ती म्हणाली, ‘मला ते कंट्रोलर धरताही येत नाही.’ म्हटलं, ‘तो शिकवेल.’

सहा आठवड्यांनी दोघं एकत्र आले. कटकट पूर्ण संपलेली नव्हती, दोनदा चांगलं भांडणही झालं होतं. शाळेत एका मुलाशी बोलणं सुरू झालं होतं. मी आईला विचारलं, साडेनऊला आता काय होतं?

‘मी दारात उभी राहून विचारते, गोल किती लांब आहे?’

‘मग?’

उत्तर मुलानं दिलं. ‘काल सांगितलं, दोन ट्रूपर आणि एक दरवाजा. ती येऊन शेजारी बसली.’